जिवंत हात

सायगॉन,
शुक्रवार, बाजार उठल्यावर

प्रिय त्राम,

कालपासून चार वेळा तुझा नंबर लावला आणि तू बोलायच्या आत फोन बंद केला. तू उलटा फोन केलास तेव्हा म्हटलं, "चुकून लागला गं, मासे साफ करत होते, ओलं बोट लागलं असेल." धादांत खोटं. बोट कोरडं होतं, हात कोरडा होता, फक्त जे सांगायचं ते फोनवर सांगवत नव्हतं. म्हणून आता बर्फाची रिकामी पेटी उलटी घालून तिच्यावर बसलेय आणि खांगच्या जुन्या वहीची पानं फाडून लिहितेय. शेजारची खेकडेवाली येऊन डोकावून गेली. "काय बाई, अजून विमानात बसली नाहीस तर इथूनच पत्रं सुरू?" मी म्हटलं, तू तुझे खेकडे सांभाळ, एक पळालाय बघ. ती खरंच खाली वाकून शोधत बसली. तेवढी मिनिटं मिळाली तर ही सुरुवात झाली, नाहीतर सकाळपासून तीन कागद चुरगाळून झालेत.

पुढच्या गुरुवारी सकाळी साडेसातला अमेरिकन वकिलातीत मुलाखत आहे, हे तुला मी काय सांगणार. सोळा वर्षं आपण त्या एका सकाळची वाट पाहिली. विन मामाने अटलांटाहून अर्ज टाकला तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि खांग पाळण्यात. तेव्हापासून आपल्या घरात सगळं 'जायचंच आहे' यावर ठरत आलं. पंखा मोडला तर नवा नको, जायचंच आहे. त्रामला औषधशास्त्राचं कॉलेज मिळालं तर पाच वर्षांचं नको, दीड वर्षाचा कोर्स पुरे, जायचंच आहे. आणि मार्चमध्ये कागद आला तर त्याच्यावर तीन नावं. तुझे बाबा, मी, खांग. तो एजंट चष्मा पुसत पुसत म्हणाला, "तुमचा नंबर लागला त्या महिन्याच्या एक तारखेचं वय धरतात. अर्ज तिकडे पडून राहिला ती वर्षं त्यातून वजा करतात. एवढं करून पोरगी एकवीसच्या आत हवी. तुमची एकवीस वर्षं आणि बारा दिवस. बारा दिवसांनी गेली हो!" बाबा खुर्चीत बसले ते उठेचनात. तू मात्र त्या माणसाला थँक्यू म्हणालीस. का म्हणालीस? मला तेव्हा तुझा इतका राग आला की जिन्यात मी मुद्दाम पुढे निघून गेले. राग तुझा नव्हता, पण तो कुणाचा होता ते सांगायलाच हे पत्र आहे, आणि मी अजून पंख्यावर आणि खेकड्यांवर कागद घालवतेय.

बरं, रविवारचं आधी बोलू. त्या दिवसापासूनच माझा जीव थाऱ्यावर नाही.

लोआन बाईंच्या वर्गात मी एप्रिलपासून जातेय हे तुला माहीत होतं, पण तिथे काय चालतं ते मी कधी धड सांगितलं नाही. आम्ही अकरा जणी. कुणी लग्न करून चाललीय, कुणी बहिणीकडे, कुणी मुलाकडे, आणि सगळ्यांना तिकडे गेल्यावर नखंच करायचीत. विन मामाच्या बायकोने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "माझ्या दुकानात खुर्ची ठेवलीय, पण पावडर शिकून या. जेल नको, फुलं नकोत, पावडर!" लोआन बाई स्वतः वीस वर्षं जॉर्जियात नखं घासून कंबर मोडून परत आल्या. त्या म्हणतात, "आपल्या पोरींना नखावर मांजरं हवीत, मोती हवेत. तिकडच्या बाईला काही नको. तिला तीन आठवडे टिकणारं काहीतरी हवं आणि तिची गाऱ्हाणी ऐकणारं कुणीतरी हवं." नखावर डिंकासारखं पातळ औषध लावायचं, ते ओलं आहे तोवर बोट रंगीत पावडरीत बुडवायचं, झटकायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा बुडवायचं, मग तिसऱ्या बाटलीतलं औषध फिरवलं की सगळं दगडासारखं घट्ट. दिवा नाही, यंत्र नाही. आम्ही त्या पावडरीला आपसात पीठच म्हणतो.

पाच महिने रबरी हातावर केलं. पहिल्या दिवशी माझं बघून लोआन बाई ओरडल्या, "अहो, ही मरळ आहे का? खवले काढायला बसलात!" मी काय करू, बावीस वर्षं माझ्या हाताला एकच घासणं माहीत. नखाच्या मुळाशी दाबून दाबून मी त्या रबरी हाताचा अंगठाच उपटला. पण हळूहळू जमलं. मग मागच्या गुरुवारी बाई म्हणाल्या, "रबरी हात शिंकत नाही, फोन उचलत नाही, नवऱ्याला शिव्या देत नाही. रविवारी प्रत्येकीने एक जिवंत हात घेऊन या." बाकीच्यांनी नणंदा आणल्या, शेजारणी आणल्या. मला शेजारची खेकडेवाली फुकट मिळाली असती. पण मी तुला बिएन होआहून बोलावलं. औषधाच्या दुकानातली रविवारची पाळी बदलून, दीड तास बसमध्ये उभी राहून तू आलीस. तुला वाटलं, आईला परीक्षेची भीती वाटतेय. मला भीती होतीच गं, पण परीक्षेची नव्हती. मी ठरवलं होतं की तुझा हात हातात असताना सांगायचं. समोरासमोर बसून, खाली बघून. तासभर तुला उठून जाता येणार नाही आणि मला नखावरून नजर काढता येणार नाही. याहून सोयीची जागा देवळातसुद्धा मिळाली नसती.

तू आलीस, बसलीस आणि हात टेबलावर ठेवलेस. मी म्हटलं रंग निवड. भिंतीवर साठ डब्या होत्या. तू एकदा बघितलंस आणि म्हणालीस, "तुला सोपा जाईल तो." लोआन बाई मागून म्हणाल्या, "अगं, तिकडचं गिऱ्हाईक रंगासाठी अर्धा तास भांडतं. तूही जरा भांड, आईचा सराव होऊ दे." तू हसलीस आणि तरीही निवडला नाहीस. शेवटी मीच लाल उचलला. तुझा हात मी किती वर्षांनी धरला असेन? लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे. नंतर तूच माझ्या पिशव्या धरायला लागलीस. तुझ्या उजव्या तर्जनीवर गोळ्यांची पाकिटं कापून कापून घट्टा पडलाय, हे मला माहीतच नव्हतं.

अंगठा करतानाच सांगायचं, असं ठरवलं होतं. अंगठा घासला, पुसला, डिंक लावला, बुडवला. तू म्हणालीस, "आई, केळ्याची भजी करतेस का माझ्या बोटांची? आता तेलात सोडू नकोस म्हणजे झालं." सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि अंगठा गेला. म्हटलं, तर्जनीला. तर्जनीला तू खांगबद्दल बोलायला लागलीस. तिकडे त्याला थंडी बाधेल, त्याला लोकरीचे मोजे घेऊन ठेवलेत, दम्याची औषधं सहा महिन्यांची बांधून दिलीत, कुठली कधी द्यायची ते लिहिलंय. मी मान हलवत बसले. मधल्या बोटाला तुझा फोन थरथरला. तू डाव्या हाताने तो पालथा घातलास, पण मी नाव वाचलं. तोआन.

तुला काय वाटतं, मला माहीत नव्हतं? तो पोरगा दोन वर्षं दर रविवारी माझ्याकडून मरळ न्यायचा. त्याला मरळ आणि मांगूर यातला फरक कळत नाही. एकदा मी मुद्दाम मांगूर बांधून दिला, तर म्हणाला, "मावशी, आजची मरळ फारच ताजी वाटते." एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाला दर आठवड्याला मासा कशाला लागतो? एकटा राहतो, चूल पेटवत नाही. मी सगळं समजून होते आणि गप्प होते, कारण मार्चमध्येच बाबांनी जेवताना तुला सांगून टाकलं होतं: "तिकडे गेलो की आई तुझ्यासाठी वेगळा अर्ज करेल. आठ-नऊ वर्षं लागतील. फक्त तोवर लग्न करू नकोस, लग्न झालं की अर्ज बाद." आणि तू "बरं बाबा" म्हणून माशाच्या गालाचा मऊ तुकडा खांगच्या वाडग्यात टाकलास. पंचवीस वर्षांची पोरगी, नऊ वर्षं थांब म्हटल्यावर "बरं बाबा" म्हणते! मी त्या दिवशी बाबांना आणखी भात वाढला.

रविवारी मी एवढंच विचारलं, "काय म्हणतो तो?" तू नखाकडे बघत म्हणालीस, "काही नाही. त्याची आई विचारते, सुपारी घेऊन येऊ का तुमच्याकडे. मी नको म्हणून सांगितलंय. नऊ वर्षं कुणाला थांबवणार? तो चांगला आहे, त्याला दुसरी मिळेल." असं म्हणालीस आणि लगेच म्हणालीस, "आई, हे बोट वाकडं झालंय का बघ." कुठल्या काळजाची आहेस गं तू? तिसऱ्या बाटलीचा ब्रश मी दुसऱ्या बाटलीत घातला. पाच महिने लोआन बाई दर दिवशी हेच घोकून घेतात, तीनचा ब्रश दोनमध्ये जाता कामा नये, गेला की संपलं. आणि मी घातला. बघता बघता बाटलीतला डिंक थिजला, ब्रश आत उभाच्या उभा गोठला. ओढते तर बाटलीसकट वर येतोय. बाईंनी नवी बाटली आणून आदळली. म्हणाल्या, "ही चूक हाताची नाही, डोक्याची आहे. घरचं घरी ठेवून या."

घरचंच तर समोर बसलं होतं. नव्या बाटलीतून मी जास्तच डिंक घेतला. तो नखावरून ओघळला, खाली मी माझ्या अंगठ्याने तुझं बोट धरलं होतं त्याच्यावर उतरला आणि दोघी चिकटलो. माझा अंगठा आणि तुझ्या अनामिकेचं टोक. मी ओढलं तर तू "आई गं!" केलंस. थ्यू नावाची ती नवी नवरी इतकी हसली की तिच्या नणंदेच्या हातावर पीठ सांडलं. "अभिनंदन," लोआन बाई म्हणाल्या, "आता दोघींचा एकच व्हिसा काढा." त्यांना काय माहीत. त्या बिचाऱ्या विनोद करून कापूस आणि ॲसिटोन शोधायला गेल्या आणि तू माझ्याकडे वाकून हळूच विचारलंस, "आई, तू थरथरतेस का? मी रागावले नाहीये. मला खरंच काही वाटत नाही, तुम्ही निवांत जा." त्या वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. तुझं बोट माझ्या बोटाला चिकटलेलं, तुझा चेहरा वीतभर अंतरावर, आणि मी काय म्हणाले? "पंखा जरा बंद करायला सांग." मग बाई आल्या, कापूस दाबून धरला, पाच मिनिटांनी आपण सुटलो. मला सुटायचं नव्हतं.

पुढची बोटं मी खाली मान घालून केली. पंचेचाळीस मिनिटांच्या कामाला एक तास पन्नास मिनिटं लागली. करंगळीवर पीठ जाड झालं, एका नखाच्या कडेला फट राहिली. तू जाताना सगळ्यांना दहा बोटं दाखवलीस आणि म्हणालीस, "माझ्या आईचं पहिलं गिऱ्हाईक मी." बस हलली तशी मी स्टॉपवरच्या बाकावर बसून रडले. ऊसाचा रस विकणारा माणूस विचारायला लागला, पाकीट मारलं का म्हणून.

आता सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा थिजेन.

ऑगस्टमध्ये मी बेन त्रेला आजीच्या वर्षश्राद्धाची तयारी करायला जाते म्हणून गेले होते ना, ते श्राद्ध नव्हतं. मी गावच्या सुईणीला भेटायला गेले होते. सगळे तिला सहावी आजी म्हणतात. आता पंच्याऐंशीची आहे, दिसत कमी असलं तरी डोकं शाबूत. मी म्हटलं, "आजी, त्रामचा जन्म आठवतो?" म्हणाली, "न आठवायला काय झालं? तेतचा सण होऊन बारा दिवस झाले होते, पौर्णिमेला दोन दिवस होते, तुझी सासू देवळातल्या नैवेद्याच्या तयारीत होती आणि तू तिच्या तांदळाच्या परातीजवळच बसकण मारलीस." तिच्या वहीत लिहिलेलंही आहे. तेतनंतरचा तेरावा दिवस, पहाटे. इंग्रजी तारीख नऊ फेब्रुवारी. त्राम, तुझ्या दाखल्यावर वीस जानेवारी आहे. तेतच्या आधीची, म्हणजे जुन्या वर्षातली तारीख. तुझा वाढदिवस आम्ही पंचवीस वर्षं चुकीच्या दिवशी केला, आणि ही चूक लिहिणाऱ्याची नव्हती.

त्या वर्षीच्या तेतला वाघाचं वर्ष लागलं. तुझी आजी बाळाचं तोंड बघण्याआधी पंचांग बघून आली आणि दारातच बसली. "वाघाच्या वर्षाची पोरगी! हिला कोण घरात घेईल? नवऱ्याला खाईल, सासूला खाईल, जन्मभर तुझ्या गळ्यात राहील." बाबा तेव्हा डोंगरातल्या कॉफीच्या मळ्यावर. सणाला राखणीला थांबणाऱ्याला दुप्पट मजुरी होती म्हणून ते घरी आलेच नव्हते. आजी म्हणाली, वीस दिवस मागे सारायचं, बस. म्हशीच्या वर्षात बसते. म्हशीच्या वर्षाची मुलगी कष्टाळू, सोशीक, कुठेही खपते. तिने कारकुनाला द्यायला दोन बदकं बांधली आणि मला घेऊन कचेरीत गेली. सही आईची लागते. मी एकोणीस वर्षांची होते, पण लिहायला-वाचायला येत होतं. तारीख वाचली आणि सही केली. बाबांना पत्रात तीच तारीख कळवली. सासूचं नाव पुढे करून सुटता येईल, मेलेलं माणूस उत्तर द्यायला येत नाही. पण खरं सांगू? मलाही भीती वाटली होती. मलाही वाटलं होतं, माझ्या पोरीला कुणी नाकारू नये. आता सासूच्या फोटोपुढे उदबत्ती लावते आणि रोज भांडते. ती काही बोलत नाही, मीच दोन्ही बाजूंनी बोलते.

मग एजंट म्हणाला बारा दिवस. माझ्या कानात नुसता शिट्टीसारखा आवाज. वीस दिवस मी तुझे खाल्ले आणि त्यातल्या बारांनी घात केला. तुझा खरा दाखला असता तर तू आत होतीस, आठ दिवस हातात ठेवून. हे बाबांना माहीत नाही, मामाला माहीत नाही, सहावी आजी सोडून कुणालाच नाही. मार्चपासून मी हे घेऊन फिरतेय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय. कुणी नुसतं "वाढदिवस कधी?" विचारलं तरी हातातला सुरा सुटतो. एजंटला मी 'माझ्या एका मैत्रिणीचं' म्हणून विचारलं. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमच्या मैत्रिणीला सांगा, संधी गेल्यावर जन्मतारीख बदलून आणली की त्यांना वास येतो. दोन-दोन वर्षं चौकशी करतात. पटलं तर पोरगी जाते. खोटं ठरलं तर सगळ्या घराला दार बंद, कायमचं." खांगचंही. बाबांचंही. त्यात माझंही आलं, पण मला आता त्याचं काही वाटत नाही.

आणि या सगळ्यात जे मला झोपू देत नाही ते वेगळंच आहे. तुझं लग्न व्हावं म्हणून मी ती सही केली. पंचवीस वर्षांनी एका आईने मुलाला घेऊन सुपारी आणायची म्हटलं आणि तू "नको" म्हणालीस, ते माझ्या त्याच सहीमुळे. वाघीण म्हणून कुणीही नाकारलं नाही तुला. त्या दोन बदकांच्या तारखेने नाकारलं. आणि वर सगळं घर म्हणतं, त्राम म्हशीच्या वर्षाची ना, सोसते बिचारी. मीसुद्धा म्हटलंय. तुला लहानपणापासून ऐकवून ऐकवून आम्ही सोसायला शिकवलं, आणि मग सोसतेस म्हणून कौतुक केलं.

तर हे पत्र माफीसाठी नाही. माफी तू वाचायच्या आधीच देऊन टाकशील, तुझी मला तीच भीती आहे. पत्र अशासाठी लिहिलं की गुरुवारी खिडकीपुढे मी उभी राहणार, अर्ज माझ्या नावाचा आहे, आणि तिथे काय बोलायचं ते तू सांगायचंस. तुला जायचं असेल तर सहावी आजीचा अंगठा घेतलेला कागद आणि तिची वही माझ्याकडे आहे. मी ती खिडकीतून आत सरकवते आणि खरं सांगते. मग चौघांचं जे व्हायचं ते होईल, बाबांना मी तोंड देईन, तो माझा प्रश्न. तुला तोआन हवा असेल तर त्याच्या आईला ये म्हण, आणि नऊ वर्षांचा तो अर्ज मी करणार नाही, तुझे बाबा पाया पडले तरी. आणि तुला दोन्ही नको असेल, कॉलेजला परत जायचं असेल, किंवा माझं तोंडही बघायचं नसेल, तर तेही लिही. "तुम्हाला बरं वाटेल ते करा" असं उत्तर आलं तर मी ते फाडून टाकीन आणि बिएन होआला येऊन तुझ्या दुकानासमोर बसेन, गिऱ्हाइकांच्या देखत. खांगचा विचार करू नकोस, बाबांचा करू नकोस, माझा तर मुळीच नको. उद्या सकाळच्या बसच्या कंडक्टरबरोबर सुक्या माशांच्या डब्यात हे पत्र पाठवतेय. बुधवारी संध्याकाळपर्यंत कळव. तुला काय हवंय, हे मी तुला आजवर एकदाही विचारलेलं नाही, त्राम. आता विचारतेय.

तू नाही म्हणेपर्यंत तुझीच म्हणवून घेणारी,
आई